फंडाचा ताबा तिसऱ्याकडे, मग नुकसान झालं तर जबाबदार कोण? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या गुंतवणूकदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टिळकवाडीत मी कर सल्लागार म्हणून काम करतो. रिटर्न भरायला आलेली माणसं कागद काढता काढता फंडांबद्दल विचारतात. पूर्वी प्रश्न असायचा, 'किती टक्के मिळतील?' हल्ली बरेच जण विचारतात, 'माझे पैसे असतात कुणाकडे, आणि त्याने ते गमावले तर मी कुणाला धरायचं?' हा प्रश्न विचारायलाच हवा आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून ही उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत.

मी भरलेले पैसे आणि त्यातून घेतलेले शेअर नेमके कुणाच्या ताब्यात असतात?

ज्या कंपनीचं नाव जाहिरातीत दिसतं, तिच्या ताब्यात ते नसतात. भारतात म्युच्युअल फंड हा कायद्याने ट्रस्ट असतो. मालमत्ता विश्वस्तांकडे असते आणि ती युनिटधारकांच्या, म्हणजे तुमच्यासारख्या गुंतवणूकदारांच्या, हितासाठी सांभाळायची असते. फंड कंपनी, म्हणजे एएमसी, काय घ्यायचं आणि काय विकायचं ते ठरवते. शेअर आणि रोखे प्रत्यक्ष सांभाळतो कस्टोडियन. तो सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या नियामकाकडे, नोंदलेला वेगळा घटक असतो. बहुधा एखादी मोठी बँक, किंवा 1986 साली स्थापन झालेल्या स्टॉक होल्डिंग कॉर्पोरेशनसारखी संस्था. शेअर आता कागदावर नसल्याने त्यांची नोंद एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीत असते. तुमच्या नावावर किती युनिट आहेत, ही नोंदवही कॅम्स किंवा केफिनटेक यांच्याकडे असते.

इतके हात मुद्दाम ठेवले आहेत. पैशाचे निर्णय घेणारा आणि माल सांभाळणारा एकच असेल तर खोटा हिशेब लिहिणं सोपं जातं. म्हणून ज्या कस्टोडियनमध्ये फंडाच्या प्रायोजकाचा, म्हणजे फंड उभा करणाऱ्या मूळ कंपनीचा, निम्मा किंवा त्याहून अधिक हिस्सा आहे, तो त्याच प्रायोजकाच्या फंडाचा कस्टोडियन सहसा होऊ शकत नाही. याला काही अटींवर सूट आहे, पण मूळ नियम हा.

काम पुढे सोपवलं की जबाबदारीही पुढे जाते का?

जात नाही. मात्र कुणी, कुणाला, कुणाच्या नावाने नेमलं, यावर बरंच अवलंबून आहे. बहुतेक वादांचं मूळ इथेच असतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

समजा शहापुरातल्या सराफाकडे तुम्ही पाटल्या उजळायला दिल्या. त्याने त्या आपल्या कारागिराकडे पाठवल्या आणि तिथून त्या गहाळ झाल्या. तुम्ही त्या कारागिराला कधी पाहिलेलंही नाही. तुम्ही सराफाचीच पायरी चढणार, आणि कायदाही तुम्हाला तिथेच पाठवतो. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 192 सांगतं की रीतसर नेमलेल्या उपप्रतिनिधीच्या कृत्यांबद्दल मालकापुढे उत्तर द्यायचं ते मूळ प्रतिनिधीने. उपप्रतिनिधी आपल्या नेमणाऱ्याला बांधील असतो. मालकाला थेट त्याच्यावर जाता येतं ते त्याने लबाडी केली किंवा जाणूनबुजून नुकसान केलं तरच. नेमायचा अधिकारच नसताना नेमला असेल तर कलम 193 लागतं, आणि मग नेमणाऱ्याच्या अंगावर सगळं येतं.

आता तोच सराफ म्हणाला, 'हे काम माझ्याकडे होत नाही, अमक्याकडे द्या, मी सांगून ठेवतो,' आणि तुम्ही हो म्हणालात. इथे चित्र पालटलं. कलम 194 प्रमाणे तो कारागीर आता तुमचा माणूस झाला. सराफाकडे उरली ती कलम 195 ची जबाबदारी, म्हणजे एखादा समंजस माणूस स्वतःसाठी जशी निवड करेल तशी त्याने केली का, एवढीच. ती नीट केली असेल तर पुढच्याच्या चुकीसाठी तो अडकत नाही.

कस्टोडियन जेव्हा उपकस्टोडियन नेमतो तेव्हा हाच प्रश्न उभा राहतो. पुढचा माणूस कस्टोडियनचा की फंडाचा? करारातल्या एका ओळीवर ते ठरतं, आणि ती ओळ तुमच्या-माझ्या हातात येणाऱ्या माहितीपत्रकात सहसा छापलेली नसते.

विश्वस्तांना तर मुळातच मोकळीक कमी आहे. 1882 च्या भारतीय विश्वस्त कायद्याचं कलम 47 म्हणतं की विश्वस्ताने आपलं काम दुसऱ्यावर सोपवू नये. अपवाद चार: विश्वस्तपत्रात तशी सोय असेल, व्यवहाराच्या नेहमीच्या रीतीत ते बसत असेल, गरजच असेल, किंवा करार करायला पात्र असलेल्या लाभार्थ्याची संमती असेल.

फंडाच्या कागदात 'आम्ही जबाबदार नाही' असं कलम घातलं तर?

विश्वस्तपत्रात ते घालता येत नाही. सेबीच्या 1996 च्या म्युच्युअल फंड नियमावलीने हे स्पष्ट केलं: विश्वस्तांच्या किंवा फंड कंपनीच्या निष्काळजीपणामुळे युनिटधारकांचं नुकसान झालं, तर त्यातून त्यांना सोडवणारं कलम चालणार नाही. फंड कंपनी आणि तिचे संचालक कोणत्याही कराराच्या आडोशाने आपल्या कृतीच्या किंवा हयगयीच्या जबाबदारीतून सुटत नाहीत. कर्मचाऱ्यांच्या आणि ज्यांची सेवा घेतली आहे अशा बाहेरच्या लोकांच्या चुकांसाठीही फंड कंपनीच बांधील आहे. 15 डिसेंबर 2011 च्या परिपत्रकात सेबीने मध्यस्थ संस्थांना हेच पुन्हा बजावलं: कामं बाहेर द्या, पण गाभ्याची कामं नाही, आणि दिलेल्या कामाची जबाबदारी तुमचीच.

फंड आणि कस्टोडियन यांच्यातला करार मात्र दोन व्यावसायिक पक्षांचा असतो. त्यात कस्टोडियन आपली जबाबदारी निष्काळजीपणापुरती मर्यादित करून घेऊ पाहतो. करार कायद्याची कलमं 151 आणि 152 त्याच्या बाजूने बोलतात: सांभाळायला दिलेला माल समंजस माणूस स्वतःचा माल जपेल तसा जपला असेल, तर हरवल्याची भरपाई द्यावी लागत नाही, वेगळा करार केला नसेल तर. तेव्हा युनिटधारकाने दार ठोठवायचं ते फंड कंपनीचं आणि विश्वस्तांचं. कस्टोडियनशी भांडणं हे त्यांचं काम.

गोल्ड ईटीएफचं सोनं कुठे असतं? ते चोरीला गेलं तर?

गोल्ड ईटीएफ म्हणजे सोन्यात पैसे घालणारा, शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड. निपाणीहून आलेल्या एका तंबाखू व्यापाऱ्याच्या पत्नीने हा प्रश्न मला विचारला होता. यावर सेबीने जे लिहून ठेवलं आहे ते सगळ्यांनी वाचावं असं मला वाटतं.

नेहमीचा नियम असा: कस्टोडियन आपलं काम दुसऱ्या नोंदणीकृत कस्टोडियनशिवाय कुणाकडेही सोपवू शकत नाही. सोन्याची अडचण वेगळी. शेअर संगणकात राहतात, पण सोन्याला तिजोरी लागते, पहारा लागतो, विमा लागतो. ही कामं करणाऱ्या व्हॉल्ट कंपन्या कस्टोडियन नसतात. म्हणून गोल्ड ईटीएफसाठी नियमात अपवाद केला. कस्टोडियनने सोनं प्रत्यक्ष ठेवण्यासाठी अशा कंपनीची मदत घ्यावी, पण सोन्याच्या सुरक्षिततेबद्दल, त्यातल्या जोखमींसकट, फंडाला सर्व बाबतींत कस्टोडियनच जबाबदार राहील. त्या सोन्याचे सगळे हिशेब आणि कागद तपासणीसाठी कस्टोडियनकडे उपलब्ध असले पाहिजेत. पुढच्याकडे गेलं ते फक्त प्रत्यक्ष सांभाळणं. बाकी एकही कर्तव्य त्याच्यासोबत गेलं नाही.

त्या तिजोरीतल्या लगडीवर रिफायनरीचा शिक्का, वजन, शुद्धता आणि क्रमांक कोरलेला असतो. शुद्धता हजारात 995 किंवा त्याहून वर. फंडाचे लेखापरीक्षक दर सहा महिन्यांनी प्रत्यक्ष सोनं पाहून विश्वस्तांना अहवाल देतात. सोपवण्याचा नियम कसा लिहावा, याचा हा माझ्या मते आपल्याकडचा सर्वांत स्वच्छ नमुना आहे. कुणाच्या नावाने नेमलं, निवड नीट केली का, असल्या वादाला त्यात जागाच ठेवलेली नाही.

एक सूचना इथेच. मोबाइल ॲपवर दहा रुपयांपासून मिळणारं 'डिजिटल गोल्ड' म्हणजे गोल्ड ईटीएफ नव्हे. ते आपल्या देखरेखीखाली येत नाही, असा इशारा सेबीने नोव्हेंबर 2025 मध्ये दिला आहे. वर सांगितलेली एकही हमी त्याला लागू नाही.

माझा फंड अमेरिकेतल्या शेअरमध्ये पैसे घालतो. तिथे कोण सांभाळतं?

इथे साखळी लांबते. मुंबईतला कस्टोडियन परदेशातल्या एखाद्या मोठ्या बँकेला नेमतो, ती बँक पुढे त्या त्या देशातल्या बँकेला, आणि शेवटी त्या देशाची डिपॉझिटरी. प्रत्येक टप्प्यावर त्या देशाचा कायदा लागतो. अशा करारांत कस्टोडियन बहुधा एवढंच कबूल करतो: पुढचा निवडताना आणि त्याच्यावर लक्ष ठेवताना काळजी घेईन. म्हणजे वर सांगितलेल्या कलम 195 सारखीच हलकी जबाबदारी.

नुकसानाची शक्यता फार मोठी आहे असं मला सुचवायचं नाही. पण देशी शेअरच्या फंडापेक्षा इथे 'उत्तर कोण देणार' हा धागा पातळ असतो, हे माहीत असावं. अशा फंडात आपल्या एकूण पुंजीचा किती भाग ठेवायचा, हे ठरवताना मी तरी ते लक्षात घेतो.

परदेशात असं खरोखर घडलं आहे का?

घडलं आहे. ते इतकं मोठं होतं की त्यातून युरोपचा कायदा बदलला.

11 डिसेंबर 2008 रोजी न्यूयॉर्कमध्ये बर्नार्ड मॅडॉफला अटक झाली. वर्षानुवर्षं तो ग्राहकांना खोटी खातेपत्रकं पाठवत होता. त्यात लिहिलेले शेअर कधी घेतलेच गेले नव्हते. त्याच्याकडे पैसे गेलेल्यांत लक्झेंबर्ग आणि आयर्लंडमध्ये नोंदलेले फंड होते. कागदोपत्री त्या फंडांचा माल सांभाळायला नामांकित बँका होत्या. त्या बँकांनी ताबा पुढे सोपवला होता, आणि तो खुद्द मॅडॉफच्याच कंपनीकडे. गुंतवायचं कुठे ते तोच ठरवत होता, सौदे त्याचे आणि मालही त्याच्याच ताब्यात. वरच्या बँकेकडे होतं ते त्याने पाठवलेलं पत्रक.

मग प्रश्न आला: भरपाई कुणी द्यायची? 1985 च्या युरोपीय निर्देशात शब्द होते की कर्तव्यात 'असमर्थनीय कसूर' झाली तर डिपॉझिटरी जबाबदार. (युरोपात डिपॉझिटरी म्हणजे फंडाचा माल सांभाळणारी बँक, आपल्या कस्टोडियनसारखी; आपली एनएसडीएल-सीडीएसएल नव्हे.) प्रत्येक देशाने त्याचा अर्थ आपापल्या परीने लावला. एकाच युरोपात, एकाच फसवणुकीत, फंड कुठल्या देशात नोंदला आहे यावर गुंतवणूकदाराचा हक्क बदलत होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स कोसळली, आणि तिच्या लंडनच्या कंपनीकडे माल ठेवलेल्या ग्राहकांना आपलं ते आपलं म्हणून परत मिळवायला वर्षं लागली.

यातून 2011 चा हेज फंडासारख्या पर्यायी फंडांचा निर्देश आला आणि 2014 चा किरकोळ गुंतवणूकदारांच्या फंडांचा, जो मार्च 2016 पासून लागू झाला. दोन्हींचं सूत्र एक. ताब्यातला रोखा किंवा शेअर हरवला तर डिपॉझिटरीने त्याच जातीचा दुसरा किंवा तेवढी रक्कम विनाविलंब परत करायची. तो पुढच्याकडे ठेवला होता, ही सबब चालणार नाही. सुटका एकाच गोष्टीने: घटना बाहेरची होती, आवाक्याबाहेरची होती आणि सगळे रास्त प्रयत्न करूनही टळली नसती, हे तिनेच सिद्ध करायचं. पर्यायी फंडांत करार करून जबाबदारी पुढच्यावर टाकायची एक अरुंद वाट ठेवली होती. सामान्य माणसांच्या फंडांत तीही बंद केली.

मग भारतात असा कडक नियम आहे का?

सोन्यासाठी जवळपास आहे. शेअर-रोख्यांसाठी 'हरवलं की परत कर' इतक्या थेट शब्दांत नाही. आपण संरक्षण वेगळ्या वाटेने उभं केलं आहे: ताबा फक्त नोंदणीकृत कस्टोडियनकडे, प्रत्येक ग्राहकाचं वेगळं खातं, एकाचा माल दुसऱ्याच्या मालात मिसळायचा नाही, आणि सगळं डिपॉझिटरीच्या नोंदीत, जिथे कुणालाही खोटा शेअर उभा करता येत नाही. देशी शेअरसाठी ही व्यवस्था मला भक्कम वाटते. परदेशी मालासाठी मात्र युरोपासारखं एक वाक्य आपल्या नियमांत असावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आज ना उद्या साखळीतला एखादा दुवा तुटेल, आणि तेव्हा करार वाचत बसणं युनिटधारकाच्या नशिबी येऊ नये.

माझे शेअर थेट डिमॅटमध्ये आहेत. ब्रोकरने घोटाळा केला तर?

2019 ची कार्व्ही स्टॉक ब्रोकिंगची गोष्ट आपल्या भागातल्या बऱ्याच घरांनी ऐकलेली आहे. ग्राहकांनी सोयीसाठी मुखत्यारपत्र दिलं होतं, शेअर विकले की खात्यातून काढता यावेत म्हणून. त्याचा वापर करून ग्राहकांचे शेअर कंपनीच्या खात्यात वळवले आणि गहाण टाकून कर्ज काढलं. 22 नोव्हेंबर 2019 ला सेबीने अंतरिम आदेश काढला. डिसेंबरच्या सुरुवातीला एनएसडीएलने सुमारे 83,000 ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यात परत टाकले. कर्ज देणाऱ्या बँका म्हणाल्या, गहाण माल आमचा. डिसेंबर 2023 मध्ये रोखे अपील न्यायाधिकरणाने त्यांची बाजू मान्य केली. म्हणजे ज्याने विश्वास मोडला तो बाजूलाच राहिला, आणि भांडण लागलं ते फसलेल्या दोघांमध्ये.

कायदा काय देतो? 1996 च्या डिपॉझिटरी कायद्याचं कलम 16 पाहा. डिपॉझिटरीच्या किंवा तिच्या सदस्याच्या, म्हणजे डीपीच्या, निष्काळजीपणामुळे खातेदाराचं नुकसान झालं तर भरपाई डिपॉझिटरीने द्यायची आणि मग ती डीपीकडून वसूल करायची. सोपवणाऱ्याने आधी द्यावं, मागाहून आपसांत पाहावं, हे तत्त्व इथे सरळ कायद्यात आहे. अट एवढीच की निष्काळजीपणा दाखवावा लागतो.

कार्व्हीनंतर वाटाही बुजवल्या. सप्टेंबर 2020 पासून मार्जिनसाठीचे, म्हणजे सौद्याचं तारण म्हणून दिलेले, शेअर ब्रोकरच्या खात्यात जात नाहीत, तुमच्याच खात्यात गहाण म्हणून चिन्हांकित होतात. मुखत्यारपत्राच्या जागी 2022 मध्ये डीडीपीआय हा मोजक्या अधिकारांचा कागद आला. जुनं मुखत्यारपत्र अजून चालू असेल तर ब्रोकरला लेखी देऊन रद्द करून घ्या.

केफिनटेक म्हणजे तीच कार्व्ही ना? मग माझे युनिट?

फंडांची नोंदवही ठेवणारी ही कंपनी पूर्वी कार्व्ही समूहात होती. मालकी बदलल्यावर 2019 मध्ये तिचं नाव बदललं. ब्रोकिंग कंपनी वेगळी. शिवाय नोंदवही ठेवणाऱ्याच्या ताब्यात शेअर नसतातच.

फंड कंपनीच बुडाली तर?

योजनेची मालमत्ता ट्रस्टची असते. फंड कंपनीच्या सावकारांना तिला हात लावता येत नाही. विश्वस्त दुसरी फंड कंपनी नेमतात किंवा योजना गुंडाळून पैसे वाटले जातात.

आणि बाजार पडून तोटा झाला तर?

तो कुणाचाच दोष नाही, त्याची भरपाई नाही. एप्रिल 2020 मध्ये फ्रँकलिन टेम्पलटनने सहा कर्जरोखे योजना बंद केल्या तेव्हा बेळगावातही धावपळ झाली. तिथे रोखे हरवले नव्हते, ताब्यातच होते. ते विकले जात नव्हते. ताब्याची जबाबदारी आणि गुंतवणुकीचा निर्णय यांची गल्लत करून तक्रार केली, की ती पहिल्याच टप्प्यावर परत येते.

पैसे ओळखीच्या एजंटच्या हातात दिले. तो म्हणतो, 'मी भरतो.' चालेल का?

नाही. कितीही ओळख असली तरी नाही. फंडाचे पैसे तुमच्या बँक खात्यातून थेट योजनेच्या खात्यात किंवा बाजारातले सौदे पुरे करून देणाऱ्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे जायला हवेत. जुलै 2022 पासून मध्येच कुणाच्या खात्यात पैसे गोळा करून पुढे पाठवायला सेबीने बंदी घातली आहे. वितरकाला एआरएन क्रमांक असतो, तो त्याला फंड विकायची परवानगी देतो. तुमचे पैसे हाताळायची देत नाही.

इथे 1978 चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल सगळ्यांनी लक्षात ठेवावा. एका बाईंनी खात्यात भरण्यासाठी रक्कम बँकेतल्या एका कर्मचाऱ्याकडे दिली. तो त्यांच्या पतीचा मित्र आणि शेजारी. त्याने ती लाटली. न्यायालय म्हणालं, पैसे दिले ते मित्र म्हणून, बँकेच्या खिडकीतला नोकर म्हणून नव्हे. बँक जबाबदार नाही. आपल्याकडे गल्लीतला, भावकीतला, मंडळातला माणूस एजंट असतो. 'तो काय परका आहे?' म्हणून पावती मागायची लाज वाटते. नेमकी ती ओळखच उद्या तुमच्या दाव्याच्या आड येते.

कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देणंही तसंच. फॉर्म पुढे कसा भरला गेला हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं.

पिग्मी आणि सौहार्दमधल्या ठेवींना हे लागू आहे का?

हा फंडाचा प्रश्न नाही, पण आपल्या भागात याच्याइतका जवळचा प्रश्न दुसरा नाही. खडेबाजारातल्या दुकानदारापासून भाजीवालीपर्यंत रोज संध्याकाळी पिग्मीवाला येतो. तो संस्थेचा प्रतिनिधी असतो, आणि संस्थेच्या कामात, संस्थेच्या पावतीवर घेतलेल्या पैशांना संस्था बांधील असते. पुढे त्याने ते भरले नाहीत तर तो त्याचा आणि संस्थेचा मामला. म्हणून मशीनमधून निघणारी ती बोटभर चिठ्ठी पाहा. त्यावर संस्थेचं नाव, तुमचा खाते क्रमांक, आजची रक्कम आणि एकूण शिल्लक असते. कालच्या शिल्लकेत आजची रक्कम मिळवून आकडा जुळतो का ते तिथल्या तिथे बघा. मशीन बिघडलं म्हणून वहीत लिहून नेतो म्हणाला, तर त्या दिवशी पैसे देऊ नका.

संस्थाच बुडाली तर मात्र चित्र कठीण आहे. बँकेतल्या ठेवीला, नागरी सहकारी बँकेतल्यासुद्धा, पाच लाखांपर्यंत ठेव विमा आहे. 1997 च्या कर्नाटक सौहार्द कायद्याखालच्या संस्था आणि पतसंस्था यांच्या ठेवींना तो नाही. ठेवी बुडवणाऱ्यांची मालमत्ता जप्त करून वाटायला कर्नाटकाचा 2004 चा ठेवीदार हितरक्षण कायदा आहे, महाराष्ट्राचा 1999 चा आहे. दोन्ही राज्यांत शाखा असलेली बहुराज्य संस्था असेल तर ती 2002 च्या केंद्रीय कायद्याखाली येते. तिची तक्रार राज्याच्या सहकार खात्यात नेली तर हेलपाटे पडतात. ती केंद्रीय निबंधकांकडे किंवा 2023 च्या दुरुस्तीने आलेल्या सहकार लोकपालांकडे न्यायची.

माझ्या फंडाचा कस्टोडियन कोण, हे कुठे पाहायचं?

फंड कंपनीच्या संकेतस्थळावर 'एसएआय' नावाचं जाडजूड पत्रक असतं. 'कस्टोडियन' शब्द शोधला की नाव आणि सेबीचा नोंदणी क्रमांक मिळतो. त्याच पानांवर विश्वस्त आणि नोंदवही ठेवणारा कोण तेही असतं. स्वतःकडे काय आहे ते पाहायला एकत्रित खातेपत्रक, म्हणजे सीएएस, काढा. वडिलांनी कधीतरी घेतलेले, विसरलेले फंड शोधायला 2025 पासून 'मित्र' ही सोय आहे.

वारसाचे कागद कन्नडमध्ये आहेत. ते हरवले तर कुणाला धरायचं?

तहसीलदार कचेरीतला वंशवृक्ष कन्नडमध्ये असतो. सोबत इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडा, म्हणजे भाषेच्या कारणाने फाईल परत येण्याची शक्यता कमी होते. आपल्याकडे नावांचाही गुंता असतो: आधारवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, शाळेच्या दाखल्यावर गावाचं नाव. तो आधी सोडवा. कागद कॅम्स किंवा केफिनटेकच्या सेवा केंद्रात दिले आणि पोच घेतली, की ते फंड कंपनीला मिळाले असंच धरलं जातं, कारण ही केंद्रं तिचीच अधिकृत स्वीकृती केंद्रं आहेत. 'ते त्यांच्याकडून गहाळ झाले' हे उत्तर फंड कंपनीकडून ऐकून घेऊ नका. पोचेवर शिक्का आणि तारीख हवी.

पीएमएस आणि एआयएफबद्दल?

किमान 50 लाखांच्या पीएमएसमध्ये, म्हणजे तुमच्या एकट्याच्या नावाने गुंतवणूक सांभाळणाऱ्या सेवेत, आणि सहसा एक कोटीपासून सुरू होणाऱ्या एआयएफमध्ये, म्हणजे मोठ्या गुंतवणूकदारांच्या पर्यायी फंडातही कस्टोडियन असतो. तिथे करारावर तुमची स्वतःची सही असते, म्हणून जबाबदारीचं कलम वकिलाकडून वाचून घ्या.

तक्रार बेळगावात करायची की मुंबईला जायचं?

जायला लागत नाही. आधी फंड कंपनीला लेखी किंवा ईमेलने कळवा. समाधान झालं नाही तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर. तिथे 21 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि ते पटलं नाही तर 15 दिवसांत फेरविचार मागता येतो. त्यानंतर ऑनलाइन समेट आणि लवादाची सोय आहे. तक्रारीत 'कस्टोडियनने असं केलं' एवढंच लिहून थांबू नका. फंड कंपनी आणि विश्वस्त कंपनी दोघांची नावं घाला, कारण उत्तर द्यायला तेच बांधील आहेत.

ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. खानापूरच्या माणसाला बेळगावचा जिल्हा आयोग, चंदगड-गडहिंग्लजच्या माणसाला कोल्हापूरचा. राहायला निपाणीत आणि नोकरी कोल्हापूरला असेल तर दोन्हींपैकी कुठलाही. दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. मोठ्या प्रमाणावर शेअरची उलाढाल करणारा 'ग्राहक' आहे का, यावर समोरचा वकील हरकत घेतो. साध्या एसआयपीवाल्याला त्याची धास्ती नको.

किती दिवसांत तक्रार करायची?

स्कोअर्सवर घटनेपासून एका वर्षात, ग्राहक आयोगात दोन वर्षांत. पहिल्या ईमेलची प्रत जपून ठेवा. स्कोअर्सचं एक वर्ष निघून गेलं असेल तर फाईल घेऊन थेट आयोगात जा.